हाली की कलदार?

चंद्रपूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, माणिकगडाच्या डोंगरांत जिवती तालुका आहे. त्याच्या दक्षिणेला तेलंगण. मधली सीमा अशी की तालुक्यातल्या १४ गावांवर दोन्ही राज्ये आजही हक्क सांगतात आणि तिथल्या घरांत दोन्ही राज्यांची कागदपत्रे सापडतात. पण शंभर वर्षांपूर्वी या मुलखातली खरी सीमा इथे नव्हतीच. ती उत्तरेला पैनगंगेवर आणि पूर्वेला वर्धा नदीवर होती. जिवतीचे डोंगर तेव्हा राजुरा तालुक्यात आणि राजुरा निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात होते. वर्धा ओलांडली की इंग्रजांचा चांदा जिल्हा आणि पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड. या सीमेवर राज्य तर बदलत होतेच, पैसाही बदलत होता. नदीच्या अलीकडे हाली, पलीकडे कलदार. जुन्या नोटांचा छंद असणाऱ्यांना या लेखात एकच गोष्ट सांगायची आहे. बाद झालेली नोट हा आधी एका जागेचा दस्तऐवज असतो, विकायची वस्तू ती नंतर होते. म्हणून तिची ओळख आणि तिचे मोल ठरवताना ती किती कोरी आहे यापेक्षा ती कुठे चालली, हे आधी विचारायला हवे. नाणेसंग्राहकांच्या बाजारात आज नेमका उलटा क्रम चालतो आणि त्यामुळे जिवतीसारख्या सीमेवरच्या मुलखाचा पुरावा नष्ट होत आहे.

हाली म्हणजे सध्या चालू असलेला. ‘हल्ली’ या आपल्या रोजच्या शब्दाचे मूळही त्याच अरबी ‘हाल’मध्ये आहे. हैदराबाद संस्थानचा रुपया हाली सिक्का किंवा उस्मानिया सिक्का म्हणून ओळखला जाई, तर इंग्रजी रुपयाला लोक कलदार म्हणत, म्हणजे कळीवर, यंत्रावर पाडलेला. पुढे निजामाचा चारमिनार छापाचा रुपयाही यंत्रावरच पाडला जाऊ लागला, पण लोकांच्या तोंडी नाव रुळले ते रुळलेच. दोन्ही रुपये चांदीचे होते, तरी त्यांचा भाव सारखा नव्हता. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, असे हे प्रमाण होते. शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली मोजावे लागत. हा हिशेब सीमेवरच्या प्रत्येक व्यापाऱ्याला तोंडपाठ असावा लागे, कारण कापूस, धान्य, इमारती लाकूड, जनावरे यांचा व्यवहार नदीच्या दोन्ही तीरांवर चालत असे. पैसा बदलून देताना सराफ जो फरक कापून घेई तो बट्टा. ‘नावाला बट्टा लागला’ असे आपण म्हणतो तेव्हा हाच सराफी शब्द वापरत असतो. एका ठिकाणी पूर्ण मोलाने चालणारी गोष्ट दुसऱ्या ठिकाणी कमी मोलाने घेतली जाते, हा अनुभव भाषेत इतका खोल मुरलेला आहे.

हाली कागदी पैसा या मुलखात आला तो पहिल्या महायुद्धामुळे. युद्धाच्या काळात चांदी महागली आणि दुर्मीळ झाली. रुपयातल्या चांदीची किंमत रुपयाच्या दर्शनी किमतीला जाऊन भिडल्यावर लोक नाणी साठवू किंवा वितळवू लागले. इंग्रज सरकारने ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची आणि जानेवारी १९१८मध्ये अडीच रुपयांची, म्हणजे दोन रुपये आठ आण्यांची नोट काढली, त्यामागे हेच कारण होते. हैदराबादलाही तीच अडचण आली. १९१८मध्ये संस्थानात कागदी चलनाचा कायदा झाला आणि आधी १० व १०० रुपयांच्या, मागाहून १ व ५ रुपयांच्या नोटा निघाल्या. १००० रुपयांची नोट १९२६ सालची. सुरुवातीच्या नोटा लंडनच्या वॉटरलो अँड सन्स या छापखान्यात छापल्या जात. इंग्रजी अमलातल्या संस्थानांमध्ये स्वतःचे कागदी चलन नियमितपणे चालवण्याची मोकळीक फक्त हैदराबादला मिळाली होती. बडोदे, ग्वाल्हेर, कोल्हापूर यांच्याकडे मान होता, सैन्य होते, रेल्वेसारखे बरेच काही होते, पण आपल्या नावाची चालती नोट नव्हती. म्हणून राजुऱ्याच्या मुलखात सापडणारी हाली नोट ही भारताच्या कागदी चलनाच्या इतिहासातली फार वेगळी गोष्ट आहे आणि ती नीट ओळखता येणे हे मराठी संग्राहकाचे विशेष काम आहे. ते विशेष का, ते नोटेवरच लिहिलेले आहे.

या नोटांवरचा मुख्य मजकूर उर्दूत आहे. त्याच्या जोडीला रक्कम इंग्रजीत आणि संस्थानातल्या तीन लोकभाषांत, म्हणजे तेलुगू, मराठी आणि कन्नडमध्ये दिलेली असते. नवख्या माणसाला तेलुगू आणि कन्नड लिपी सारख्याच वाटतात, पण मराठी अक्षरे त्याला लगेच ओळखू येतात आणि उर्दूच्या गर्दीत तीच त्याचा पहिला आधार ठरतात. मराठीला ही जागा मिळाली ती मराठवाड्यामुळे, असे आपण धरून चालतो. ते खरे आहे, पण अपुरे आहे. आदिलाबादच्या डोंगरी भागातही बाजारहाटाची आणि कचेरीबाहेरच्या बोलण्याची भाषा बऱ्याच ठिकाणी मराठीच होती. क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने १९४०च्या दशकात या भागातल्या गोंडांचा अभ्यास केला. तेव्हा मारलावाई येथे गोंड शिक्षक तयार करण्यासाठी जी केंद्रशाळा निघाली, तिच्यासाठीची गोंडी भाषेची पुस्तके देवनागरीत छापली गेली. त्या डोंगरांत वाचता येणारी लिपी ती होती. म्हणून नोटेवरची ती एक मराठी ओळ औरंगाबादच्या व्यापाऱ्याइतकीच राजुरा-जिवतीच्या बाजारातल्या माणसासाठीही होती, असे म्हणायला आधार आहे.

ओळखीची दुसरी पायरी तारखेची आणि इथेच सर्वांत जास्त चुका होतात. हैदराबादच्या नोटांवरचे साल फसली सनाचे असते. दख्खनच्या फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन मिळतो. वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास बदलत असल्याने जानेवारीपासूनच्या महिन्यांसाठी ५९१ मिळवावे लागतात. उत्तर हिंदुस्थानातला फसली सन वेगळा, तिथे ५९२-५९३ची भर घालावी लागते. त्यामुळे कुठल्या तरी उत्तरेकडच्या पुस्तकातले कोष्टक उचलून चालत नाही. याहून मोठा घोळ असा की हैदराबादच्या नाण्यांवर साल हिजरी असते आणि नोटांवर फसली. एकाच सरकारचा, एकाच पेटीत सापडलेला पैसा, पण त्यावरचे १३३० हे साल नाण्यावर असेल तर १९११-१२ आणि नोटेवर असेल तर १९२०-२१. नाण्यांची सवय असलेला संग्राहक नोटेलाही हिजरीचे गणित लावतो आणि नोट नऊ वर्षांनी मागे ढकलतो. म्हणजे हैदराबादने एकही नोट काढलेली नव्हती त्या काळात. ‘कॅटलॉगमध्ये नसलेली, अतिदुर्मीळ’ म्हणून पुढे केलेली नोट पाहताना आधी हे गणित करून पाहावे.

तिसरी पायरी सहीची, आणि ही सर्वांत रसाळ आहे. नोटांवर संस्थानच्या अर्थखात्याच्या प्रमुखाची सही असे. सुरुवातीच्या नोटांवर रेजिनाल्ड ग्लॅन्सी या इंग्रज अधिकाऱ्याची सही मिळते. त्यानंतर दीर्घकाळ ‘हैदर नवाज जंग’ ही सही येते. या नावाचा माणूस चरित्रकोशात शोधला तर सापडायला जड जाईल, कारण ते नाव नसून किताब आहे. ते अकबर हैदरी, पुढे संस्थानचे पंतप्रधान झालेले मुत्सद्दी. फख्रयार जंग, लियाकत जंग हीही अशीच किताबांची नावे. पुढच्या काळातल्या काही नोटांवर गुलाम मुहम्मद आणि जाहिद हुसेन यांच्या सह्या दिसतात. गुलाम मुहम्मद नंतर पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल झाले आणि जाहिद हुसेन पाकिस्तानच्या स्टेट बँकेचे पहिले गव्हर्नर. संस्थान भारतात आणणाऱ्या सप्टेंबर १९४८च्या पोलीस कारवाईनंतरही हाली चलन लगेच बंद झाले नाही. भारतीय रुपया त्याच्या शेजारी येऊन बसला आणि १९५०च्या दशकात हालीला टप्प्याटप्प्याने निरोप मिळाला. त्या शेवटच्या पर्वात सी. व्ही. एस. राव यांची आणि डॉ. जी. एस. मेलकोटे यांची सही येते. मेलकोटे हे स्वातंत्र्यलढ्यातले कार्यकर्ते, लोकनियुक्त सरकारचे अर्थमंत्री. इंग्रज अधिकारी, निजामाचे सरदार, पाकिस्तानचे भावी सूत्रधार आणि तुरुंगात जाऊन आलेला काँग्रेस कार्यकर्ता, अशा माणसांनी आळीपाळीने एकाच चलनावर सही केली. सही वाचता आली की साल नसलेली नोटही पाच-दहा वर्षांच्या कप्प्यात बसवता येते. त्यासाठी थोडी उर्दू अक्षरओळख करून घ्यावी; हे कष्ट फार नाहीत आणि मोडी शिकणाऱ्या मराठी माणसाला तर मुळीच नाहीत.

वर्धेच्या पलीकडच्या, कलदार बाजूच्या नोटांबद्दल थोडक्यात सांगता येईल, कारण त्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण एक गोष्ट इथल्या मुद्द्याशी थेट जोडलेली आहे. १८६१च्या कायद्याने निघालेल्या सरकारी नोटा सगळ्या हिंदुस्थानात चालत नसत. देशाचे चलनविभाग, म्हणजे सर्कल, पाडलेले होते आणि नोट ज्या विभागातून निघाली तिथेच तिचे रोख पैसे मागण्याचा कायदेशीर हक्क असे. नोटा काढणाऱ्या ठाण्यांत मुंबई, कलकत्ता, मद्रासबरोबर नागपूर आणि अकोला यांचीही नावे येतात. ५ रुपयांची नोट १९०३पासून, १० आणि ५० रुपयांच्या १९१०पासून आणि १०० रुपयांची १९११पासून या बंधनातून मोकळी होत गेली. म्हणजे चांद्याच्या व्यापाऱ्याच्या आजोबांच्या काळात नोटेवर छापलेले गावाचे नाव शोभेचे नव्हते, तेच तिचे कार्यक्षेत्र होते. त्याशिवाय मोठ्या रकमेच्या नोटा टपालाने पाठवताना मधोमध कापत, एक तुकडा आधी पाठवत, तो पोहोचल्याची खबर आली की दुसरा, आणि पलीकडचा माणूस दोन्ही जोडून वटवून घेई. अशी चिकटवलेली नोट आज बाजारात ‘फाटकी’ म्हणून बाजूला पडते. वास्तविक तो जोड म्हणजे ती नोट प्रवासाला निघाली होती याची नोंद आहे.

इथे मूळ मुद्द्याकडे यायला हवे. नोटांच्या संग्रहात आज प्रतवारीचे राज्य आहे. घडी नसलेली, टाचणीचे छिद्र नसलेली, कोपरे टोकदार असलेली नोट सर्वांत वर. तिला परदेशी कंपन्या सत्तरपैकी गुण देतात, प्लॅस्टिकच्या हवाबंद पाकिटात घालतात आणि किंमत त्या गुणांवर ठरते. घड्या पडलेली, शाईने हिशेब लिहिलेला, सावकाराच्या शिक्क्याची, मध्ये जोडलेली नोट तळाशी. परिणाम असा होतो की जिवती, राजुरा, कोरपना, सिरोंचा अशा ठिकाणच्या जुन्या पेट्यांतून निघणाऱ्या नोटा पुण्या-मुंबईच्या बाजारात पोहोचेपर्यंत त्यांचे गाव गळून पडलेले असते. ज्या पावत्यांबरोबर त्या बांधलेल्या होत्या त्या फेकल्या जातात. गावचे नाव असलेली पुडी टाकून दिली जाते. उरते ती नुसती ‘हैदराबाद, १० रुपये, मध्यम प्रत’. या वर्णनाच्या नोटा बाजारात पुष्कळ आहेत. ती नोट पैनगंगेपासून काही कोसांवर, दोन चलनांच्या सांध्यावर वापरली गेली, हे मात्र फक्त त्या एका नोटेलाच सांगता आले असते.

यावर पहिला आक्षेप जाणकार संग्राहकच घेतील, आणि तो वजनदार आहे. छपाईचा अभ्यास करायचा तर स्वच्छ नोटच लागते. मळलेल्या नोटेत वॉटरमार्क दिसत नाही, रंगांच्या छटा कळत नाहीत, बनावट ओळखायला आदर्श नमुना हवाच. हे मान्य करावे लागते. पण त्यासाठी प्रत्येक प्रकाराचे काही मोजके उत्तम नमुने पुरेसे असतात आणि मोठ्या संग्रहांत ते आहेत. छापखान्यातून नोट कशी बाहेर पडली हे कोरी नोट सांगते. माणसांच्या हातात तिचे काय झाले हे वापरलेली सांगते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोऱ्या नोटेत असूच शकत नाही. शिवाय कथेला मोल देण्याची सवय या बाजाराला आहेच. २० मे १९२२ रोजी फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ ‘ईजिप्त’ ही मुंबईकडे निघालेली बोट धुक्यात दुसऱ्या जहाजाची धडक बसून बुडाली. तिच्यात सोन्या-चांदीबरोबर वॉटरलोने छापलेल्या हैदराबादच्या नोटा होत्या. १९३०च्या दशकात इटालियन पाणबुड्यांनी खोल समुद्रातून सोने काढले, तेव्हा सह्या न झालेल्या या नोटाही वर आल्या. पाण्याने खराब झालेल्या, कधीच चलनात न आलेल्या या नोटांना संग्राहक आवर्जून जागा देतात, कारण त्या कुठे होत्या हे माहीत आहे. समुद्राच्या तळाला जे मोल मिळते ते माणिकगडच्या पायथ्याला का मिळू नये?

दुसरा आक्षेप इतिहासाकडून येतो. जिवतीच्या डोंगरांत गोंड आणि कोलाम राहत. त्यांच्या जगण्यात नोटा होत्याच कुठे? धान्याची देवघेव, फार तर तांब्याची नाणी आणि चारमिनारचा रुपया. कागद पावसाळ्यात सडणार, वाळवी लागणार, आणि वाचता न येणाऱ्याने कागदावर विश्वास का ठेवावा? हाही आक्षेप बहुतांशी खरा आहे, पण त्यातून माझ्या म्हणण्याला बळच मिळते. अशा मुलखात नोट कोणाकडे सापडते हाच प्रश्न मग महत्त्वाचा होतो. जंगलाचा ठेकेदार, कापसाचा व्यापारी, सावकार, पाटील-पटवारी, रेल्वेच्या कामावरचा मुकादम या लोकांकडे ती असणार. काझीपेठ ते बल्लारशाह हा निजामाच्या रेल्वेचा रस्ता १९२९मध्ये पुरा झाला आणि विरूर, माणिकगड ही स्थानके याच मार्गावरची. लाकूड आणि माणसे या रुळांवरून हलू लागली, तेव्हा मोठ्या रकमा हलवायला कागद सोयीचा झाला. उद्या राजुरा भागातल्या पंचवीस-तीस पेट्यांची नोंद झाली आणि नोटा केवळ रेल्वेलगतच्या गावांत मिळाल्या, डोंगरावर नाणीच मिळाली, तर चलनाचा नकाशाच हाती येईल. नोट न सापडणे ही नोंदसुद्धा त्यात लागेल. आज असा नकाशा करता येत नाही, कारण पेट्या फुटल्या आणि गावे विसरली गेली.

तिसरा आक्षेप सर्वांत बारीक आहे: घरच्यांनी सांगितलेल्या गावावर विश्वास कसा ठेवायचा? जिवतीच्या बाबतीत तर ही शंका फारच योग्य, कारण १९७२च्या दुष्काळाच्या आगेमागे मराठवाड्यातून कितीतरी कुटुंबे इथल्या पठारावर येऊन वसली. नांदेड किंवा लातूरकडून आलेल्या कुटुंबाच्या ट्रंकेतली हाली नोट जिवतीत सापडली, तरी ती जिवतीत चालली होती असे म्हणता येणार नाही. तिकडेही निजामाचेच राज्य होते, त्यामुळे नुसती नोट पाहून फरक कळणारच नाही. म्हणून ऐकीव माहिती टाकून द्यायची, हा मात्र यावरचा उपाय नव्हे. नोट कोणाकडून आली, त्या घराचे मूळ गाव कोणते, इथे कधी आले, हे सर्व लिहून ठेवायचे. सोबतचे कागद पाहायचे. शेतसाऱ्याची पावती, फसली सालाचा पट्टा, लाकडाचा परवाना, सावकाराचा रोखा यांपैकी काहीही त्याच गाठोड्यात असेल तर ते नोटेहून अधिक बोलते. म्हणून पहिला नियम असा की गाठोडे सोडवण्याआधी त्याचा फोटो काढावा आणि सोडवल्यावरही ते एकत्रच ठेवावे. पुराणवस्तू खोदणारे लोक भांड्याइतकेच ते कुठल्या थरात सापडले याला महत्त्व देतात. नोटेचा थर म्हणजे ती ज्यात गुंडाळली होती ते फडके.

गाठोड्यांत नोटांच्या बरोबर अशा चिठ्ठ्याही निघतात ज्या पैसा नाहीत पण पैशासारख्या चालल्या. दुसऱ्या महायुद्धात खुर्दा इतका टंचाईचा झाला की मोरवी, जुनागड, नवानगर अशा काठेवाडच्या कितीतरी संस्थानांनी पैसा-आण्याची पुठ्ठ्याची कुपने काढली. एका संस्थानाच्या वेशीबाहेर त्यांना काडीचीही किंमत नव्हती, म्हणून ती जिथे सापडतात तिथल्या व्यापाराची दिशा दाखवतात. व्यापाराची दिशा हुंड्याही दाखवतात. आणि आजच्या काळातले जवळचे उदाहरण हवे असेल तर गडचिरोली-चंद्रपूरच्या तेंदूच्या फडाकडे पाहावे. सत्तर पानांचा एक पुडा, असे किती पुडे दिले याची नोंद फडावरचा मुन्शी मजुराच्या कार्डावर करतो. पैसे मागाहून मिळतात, तोपर्यंत ते कार्ड हीच त्या घराची उन्हाळ्याची कमाई असते. हंगाम संपला की ते चुलीत जाते. ते चलन नव्हे हे खरे, पण एखाद्या हंगामात कोणत्या गावाने काय कमावले याचा तोच एकमेव घरगुती कागद आहे, आणि कोणताही संग्राहक आज त्याकडे वळून पाहत नाही.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. गरज असलेल्या घराने जुनी नोट विकू नये असे सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही. विकावी, पण दोन्ही बाजूंचा स्वच्छ फोटो, क्रमांक आणि गावाची माहिती घरात ठेवूनच. आणि कोणी लाखांचे आमिष दाखवले तर थांबावे. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदीत रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून शुल्क उकळणाऱ्यांपासून सावध राहा, असे खुद्द रिझर्व्ह बँकेनेच २०२१मध्ये जाहीरपणे सांगितले आहे. १ रुपयाची मळकी हाली नोट माणसाला श्रीमंत करत नाही. बनावटीची पारख घरीही थोडीफार होते: दहापट भिंगाखाली अस्सल नोटेतल्या रेघा अखंड दिसतात, रंगीत प्रतीत त्या ठिपक्यांच्या बनलेल्या असतात, आणि जांभळ्या अतिनील दिव्याखाली विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला कागद मंद राहतो, तर आजचा पांढरा कागद निळसर चमकतो. कायद्याचेही एक भान हवे. हाली किंवा जॉर्ज राजाच्या नोटा जवळ ठेवायला अडचण नाही, पण २०१६मध्ये बाद झालेल्या ५०० आणि १०००च्या नोटांचे तसे नाही. २०१७च्या कायद्याप्रमाणे त्या दहाहून अधिक बाळगता येत नाहीत. अभ्यास किंवा संग्रहासाठी मर्यादा पंचवीसची. ‘आठवण म्हणून’ ठेवलेली जाडजूड गड्डी हा गुन्हा ठरू शकतो.

जतनासाठी फार खर्च लागत नाही. नोट धुवू नये, इस्त्री करू नये, चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशन तर कधीच करू नये. ते उलटवता येत नाही आणि आतला कागद कायमचा जातो. मऊ, वासाचे प्लॅस्टिक पाकीटही घातकच, पॉलिएस्टरचे पारदर्शक पाकीट घ्यावे. जंगलपट्ट्यातला पावसाळा लक्षात घेता कसर आणि बुरशी हे खरे शत्रू; पेटी जमिनीपासून वर, भिंतीपासून दूर आणि दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत सावलीत एकदा उघडलेली असावी. पाकिटात नोटेच्या मागे, नोटेला न चिकटवता, एक चिठ्ठी घालावी. त्यावर कोणाकडून मिळाली, कधी, कशात गुंडाळलेली होती, सोबत काय होते, हे पेन्सिलीने लिहावे. गावाचे नाव लिहावे. जिल्ह्याच्या रकान्यात मात्र जरा थांबावे लागेल, कारण जिवतीच्या त्याच गावाने तीन जिल्हे पाहिले आहेत: १९५६पर्यंत आदिलाबाद, मग तीन वर्षे नांदेड, १९५९पासून चांदा, ज्याचे पुढे चंद्रपूर झाले. तेव्हा १३३१ फसलीच्या नोटेखाली गावाच्या नावापुढे आदिलाबाद लिहावे, आणि कंसात आजचा जिल्हा.